रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन? स्किझोफ्रेनियाच्या ‘डेपो’ उपचाराबद्दल रुग्ण आणि डॉक्टर का अडखळतात?

स्किझोफ्रेनियावर औषधं आहेत आणि अनेकांना ती लागूही पडतात. खरी अडचण येते ती हे औषध रोज, वर्षानुवर्षं घेत राहण्यात. दोन-चार महिने बरं वाटलं की गोळ्या बंद होतात. कधी झोप फार येते म्हणून, कधी लग्नाची बोलणी सुरू आहेत म्हणून. चाळीसगाव किंवा साक्रीकडचं कुटुंब ऊसतोडीला बाहेर पडतं तेव्हा गोळ्यांची पट्टी मध्येच संपते आणि नवीन कुठून आणायची हे कळत नाही.

औषध सुटलं की लगेच काही होत नाही. काही आठवडे किंवा महिने जातात. मग पुन्हा झोप उडते, संशय वाढतो, आवाज ऐकू येऊ लागतात.

यावर एक उपाय १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहे. एकदा घेतलं की दोन आठवडे ते तीन महिने काम करणारं इंजेक्शन. डॉक्टर त्याला ‘डेपो’ किंवा ‘लाँग अ‍ॅक्टिंग’ इंजेक्शन म्हणतात. तरीही बऱ्याच घरांना असा पर्याय असतो हेच माहीत नसतं. असं का?

किती लोकांचा प्रश्न आहे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. स्किझोफ्रेनिया आणि त्यासारखे इतर मनोविकार आयुष्यात कधीतरी झालेल्या प्रौढांचं प्रमाण १.४ टक्के निघालं. सर्वेक्षणाच्या काळात आजारी असलेल्यांचं प्रमाण साधारण ०.४ टक्के होतं.

त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण तेच प्रमाण खान्देशाला लावून ढोबळ हिशेब करता येतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ६२ लाखांवर होती. त्यातले ४० लाख प्रौढ धरले, तर सुमारे १६ हजार माणसं होतात.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशात त्यातलं एकही नाही. इथला सरकारी उपचार मुख्यतः धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१८ मध्ये सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांच्यामार्फत चालतो. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ओपीडीची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचं एसटीचं भाडं.

हे इंजेक्शन काम कसं करतं?

जुन्या डेपो इंजेक्शनांमागची युक्ती अगदी घरगुती वाटेल अशी आहे. फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉल या औषधाला एका मेदाम्लाची जोड देतात आणि ते तिळाच्या तेलात विरघळवतात. हे तेल कमरेखालच्या मोठ्या स्नायूत खोलवर टोचलं की तिथे त्याचा साठा होतो. त्यातून औषध हळूहळू रक्तात उतरत राहतं. ‘डेपो’ म्हणजे साठाच. (तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं, ते याचसाठी.)

नव्या पिढीतल्या इंजेक्शनांमध्ये तेल नसतं. पॅलिपेरिडोनमध्ये औषधाचे अतिसूक्ष्म स्फटिक पाण्यात मिसळलेले असतात. ते महिन्यातून एकदा देतात आणि त्याचा तीन महिने टिकणारा प्रकारही आहे. रिस्पेरिडोनच्या एका प्रकारात औषध सूक्ष्म गोळ्यांमध्ये कोंडलेलं असतं. हा प्रकार फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि त्याचा खरा परिणाम सुरू व्हायला तीनेक आठवडे लागतात. तोपर्यंत गोळ्याही चालू ठेवाव्या लागतात.

जुनी इंजेक्शनं स्वस्त आहेत, त्यांना फ्रिज लागत नाही. नवी अनेक पटींनी महाग आहेत. त्यामुळे सरकारी ओपीडीत आणि साध्या घरांत प्रत्यक्ष निवड बहुतेकदा जुन्यांमधूनच होते.

रुग्णांना काय वाटतं?

इथे एक विरोधाभास आहे. आपल्याकडे ताप-खोकल्याला लोक स्वतःहून इंजेक्शन मागतात. सुई टोचली नाही तर डॉक्टरांनी नीट तपासलंच नाही असं अनेकांना वाटतं. मग मनाच्या आजाराच्या इंजेक्शनची भीती का?

एक कारण आठवणीत दडलेलं असतं. अनेक रुग्णांचा पहिला अनुभव हा आजार उफाळलेला असतानाचा असतो. चार जणांनी धरलेलं असतं आणि झोपेचं इंजेक्शन दिलेलं असतं. ते तातडीचं इंजेक्शन वेगळं, त्याचा परिणाम काही तासांपुरता असतो. डेपो वेगळं, ते शांतपणे, ठरवून घ्यायचं असतं. पण हा फरक कुणी समजावून सांगितला नाही, तर रुग्णाच्या मनात सुई म्हणजे शिक्षाच राहते.

दुसरी भीती ताबा सुटण्याची. गोळी नको वाटली तर उद्या थांबवता येते. टोचलेलं औषध परत काढता येत नाही. ही भीती खोटी नाही. अंग जखडणं, हात थरथरणं, एका जागी बसवत नाही अशी तगमग, वजन वाढणं, पाळी अनियमित होणं असे दुष्परिणाम होऊ शकतात आणि डेपोमध्ये ते ओसरायला वेळ लागतो. म्हणूनच आधी तेच औषध गोळीच्या रूपात देऊन ते सोसतंय का हे पाहण्याची पद्धत आहे.

आणि इंजेक्शन पसंत करणाऱ्यांची कारणं? रोज सकाळी ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न ऐकावा लागत नाही. घरातलं भांडण कमी होतं. सासरी किंवा कामाच्या ठिकाणी कुणाला गोळ्यांची पट्टी दिसत नाही. ज्या समाजात एका पट्टीवरून स्थळ मोडू शकतं, तिथे ही लहान गोष्ट नाही. एकदा इंजेक्शन घेऊन पाहिलेले रुग्ण, न घेतलेल्यांपेक्षा त्याकडे जास्त अनुकूल नजरेने बघतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

डॉक्टर का कचरतात?

डॉक्टरांच्या बाजूने सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे एक गृहीतक: ‘रुग्ण नाहीच म्हणेल.’ त्यामुळे विचारलंच जात नाही. इंजेक्शन हा ‘ऐकत नसलेल्या’ रुग्णासाठी राखून ठेवलेला शेवटचा उपाय होतो. आणि शेवटी, कंटाळून, धाक घातल्यासारखं सुचवलं की रुग्णालाही ती शिक्षाच वाटते. गृहीतक मग स्वतःलाच खरं ठरवतं.

अमेरिकेत ३९ केंद्रांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हे तपासलं. आजाराच्या सुरुवातीच्या काळातल्या रुग्णांशी या विषयावर कसं बोलायचं, याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिलं होतं. इंजेक्शनच्या गटात सामील झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांनी किमान एक डोस घेतला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत पहिल्यांदा रुग्णालयात दाखल होण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र या चाचणीला पैसा त्या औषधाच्या कंपन्यांनीच दिला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

सरकारी नोंदी काय सांगतात? स्वीडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या २९,८२३ रुग्णांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या. तेच औषध गोळीऐवजी डेपोच्या रूपात घेणाऱ्यांत पुन्हा दाखल होण्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी कमी होता. काटेकोर तुलनात्मक चाचण्यांत हा फरक आणखी लहान दिसतो. म्हणजे फायदा आहे, चमत्कार नाही.

डॉक्टरांची इतर कारणं व्यवहारातली आहेत. गर्दीच्या ओपीडीत समजावून सांगायला वेळ नसतो. पुढच्या महिन्यात साठा असेल का, तालुक्याला इंजेक्शन कोण देईल, हे प्रश्न असतात. पण त्यांच्यासाठी एक मोठा फायदाही आहे. गोळी चुकली तर कुणालाच कळत नाही. इंजेक्शनची तारीख चुकली तर दवाखान्याला त्याच दिवशी कळतं आणि औषध हळूहळू उतरत असल्याने शोध घ्यायला थोडे दिवस मिळतात. शिवाय इंजेक्शन वेळेवर सुरू असतानाही आजार उफाळला, तर औषध बदलायची गरज आहे हे लवकर कळतं.

खान्देशातला उन्हाळा आणि हे औषध

ही औषधं, गोळी असो वा इंजेक्शन, शरीराच्या तापमान सांभाळण्याच्या क्षमतेवर परिणाम करतात. थरथर कमी करण्यासाठी सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी घामही कमी करते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा केळीच्या बागेत किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्या रुग्णासाठी हे महत्त्वाचं आहे. पाणी, सावली आणि दुपारची सुट्टी हाही उपचाराचाच भाग समजा.

जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं आणि भान हरपणं ही लक्षणं एकत्र दिसली, तर नुसता उष्माघात समजून घरी थांबू नका. रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या आणि कोणतं इंजेक्शन कधी दिलं होतं ते सांगा.

न विचारता देता येतं का?

अनेक घरांत गोळी भाजीत किंवा चहात कालवून दिली जाते. हतबल झालेली माणसं हे प्रेमापोटीच करतात. पण रुग्णाला कळलं की घरच्या जेवणावरचा विश्वास उडतो, आणि संशय हे तर या आजाराचंच लक्षण आहे. ‘त्यापेक्षा फसवून इंजेक्शन देऊ’ हा मार्ग त्याहून बरा नाही.

२९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारासाठी माहिती देऊन घेतलेली संमती लागते. तातडीच्या प्रसंगी संमतीशिवाय उपचाराची मुभा आहे, पण ती कमाल ७२ तासांची. महिनाभर टिकणारं औषध या मुभेत नीट बसत नाही. याच कायद्याने आणखी एक सोय केली आहे. बरं असताना रुग्ण लेखी सांगून ठेवू शकतो की, ‘पुढे आजार वाढला तर मला हे उपचार द्या, हे देऊ नका’. इंजेक्शन हवं की नको, हे त्यात लिहिता येतं. आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळणं हाही या कायद्याने दिलेला हक्क आहे.

धुळ्याचा एक धागा

या आजाराबद्दल मराठीत उघडपणे बोलायला लावणाऱ्यांमध्ये एक नाव धुळ्याशी जोडलेलं आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता आणि त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांच्या पुढाकारातून उभी राहिली आणि २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्या पाठबळाने झाला. रुग्णाच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, हा त्या कामाचा गाभा होता. गोळी की इंजेक्शन, हा निर्णयही तिथेच सुरू होतो.

पुढच्या ओपीडीला हे विचारा

- सध्याचं औषध इंजेक्शनच्या रूपात मिळतं का? ते आम्हाला योग्य आहे का?
- दर किती दिवसांनी घ्यायचं? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळेल का?
- कोणते दुष्परिणाम दिसले तर थांबायचं नाही, लगेच यायचं?
- तारीख चुकली तर काय करायचं?
- कामासाठी सहा महिने बाहेर गेलो, तर तिथे दाखवायला औषधाचं नाव, मात्रा आणि पुढची तारीख लिहून मिळेल का?
- नको वाटलं तर पुन्हा गोळीवर कसं यायचं?

हे प्रश्न शक्यतो रुग्णालाच विचारू द्या. दवाखान्यात जाण्याआधी कुणाशी बोलायचं असेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे. ती २४ तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.