'मेट्रोपोलिस'मधून गहाळ झालेली हेल : कात्रीने बदललेल्या एका संघर्षाची कथा

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमधील उफा-पालास्ट आम झू या चित्रगृहात फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाचा पहिला खेळ झाला. चित्रफितीची लांबी होती ४,१८९ मीटर, म्हणजे सुमारे अडीच तास. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो जर्मनीत पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा ३,२४१ मीटर उरले होते. पुढील ऐंशी वर्षे जगाने या चित्रपटाची स्तुती केली आणि निंदाही केली, ती प्रामुख्याने या उरलेल्या भागाची. हा धागा कापल्या गेलेल्या भागाविषयी आहे, कारण संघर्षाचे मूळ त्या भागात होते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथेची रूपरेषा. भविष्यातील एक महानगर. वर मनोरे, बागा आणि क्रीडांगणे, खाली यंत्रे, त्याहून खाली कामगारांची वस्ती. शहराचा स्वामी योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर खाली उतरतो, यंत्राच्या स्फोटात माणसे होरपळताना पाहतो आणि कामगारांमध्ये शांततेचा उपदेश करणाऱ्या मारियाकडे ओढला जातो. फ्रेडरसन संशोधक रोटवांगला आज्ञा देतो की, त्याच्या यंत्रमानवाला मारियाचा चेहरा द्यावा. ही खोटी मारिया कामगारांत फूट पाडील. खोटी मारिया त्यांना बंडासाठी चिथावते, यंत्रे फुटतात, कामगारांची वस्ती पाण्याखाली जाते, मुले जेमतेम वाचतात. शेवटी कॅथीड्रलच्या दारात मालक आणि मुकादम हस्तांदोलन करतात. फ्रेडर त्यांचे हात एकमेकांत देतो.

येथवरची कथा वर्गसंघर्षाची आहे. परंतु एक प्रश्न शिल्लक राहतो : रोटवांग मालकाची आज्ञा पाळता पाळता मालकाचेच शहर बुडवायला का निघतो?

मूळ चित्रपटात या प्रश्नाचे उत्तर होते. ते म्हणजे हेल. रोटवांगचे हेल नावाच्या स्त्रीवर प्रेम होते. तिने फ्रेडरसनशी विवाह केला आणि फ्रेडरला जन्म देताना तिचा मृत्यू झाला. रोटवांगने आपल्या घरात पडद्याआड तिचे भव्य शिरशिल्प उभारले आहे. फ्रेडरसन तो पडदा सरकवतो आणि दोन प्रौढ पुरुष एका मृत स्त्रीच्या दगडी मुखासमोर भांडतात. यंत्रमानव घडवताना रोटवांगने स्वतःचा एक हात गमावला आहे आणि त्याचे त्याला दुःख नाही, कारण ते यंत्र त्याच्या दृष्टीने परत आलेली हेल आहे. त्याच यंत्राला दुसऱ्या स्त्रीचा चेहरा देण्याची आज्ञा जेव्हा मिळते, तेव्हा तो होकार देतो आणि मनात दुसराच बेत रचतो : हेलची फ्रेडरसनजवळ उरलेली एकमेव खूण, म्हणजे मुलगा, हिरावून घ्यायचा आणि शहरही.

म्हणजे चित्रपटात दोन संघर्ष होते. एक श्रम आणि भांडवल यांचा, तर दुसरा एका जुन्या सुडाचा. पहिल्याने गर्दी हलते, आणि कथेला गती मिळते ती दुसऱ्याने.

मग ही हेल गेली कुठे? डिसेंबर १९२५ मध्ये आर्थिक अडचणीत सापडलेल्या उफा या जर्मन चित्रसंस्थेने पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपन्यांशी करार केला. कर्ज मिळाले, त्या बदल्यात वितरणावरचा ताबा सैल झाला. 'मेट्रोपोलिस' अमेरिकेत पोहोचला तेव्हा पॅरामाउंटने तो चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे सोपवला. पोलॉक यांनी चित्रपट कापलाच, शिवाय उपशीर्षके नव्याने लिहून कथाही बदलली. योह फ्रेडरसनचा जॉन मास्टरमन झाला. यंत्रमानव ही परत आणलेली प्रिया राहिली नाही. ती कामगारांची जागा घेणारी यांत्रिक मजूर ठरली.

हेलला वगळण्याचे जाहीरपणे दिलेले कारण आज विनोदी वाटते. शिल्पाच्या चौथऱ्यावर ठळकपणे कोरलेले हे नाव इंग्रजी प्रेक्षकाला 'नरक' या शब्दासारखे वाटेल, म्हणून ते नको! जर्मन कानाला त्याच ध्वनीचा शब्द 'उजळ' या अर्थाने परिचित आहे, आणि नॉर्स पुराणात हेल ही मृतलोकाची अधिष्ठात्री. उजेड आणि मृत्यू या दोन्ही छटा एका भाषांतराच्या भीतीपोटी गेल्या. उन्हाळ्यात उफाने स्वदेशातही चित्रपटाला कात्री लावली आणि तिथेही हेल परतली नाही.

येथे कथनशास्त्राकडे वळणे उपयोगी ठरते, कारण त्याच काळात रशियात कथेची यंत्रणा उघडून पाहण्याचे काम जोमाने चालू होते. बोरिस तोमाशेव्हस्की यांनी १९२५ मध्ये कथानक आणि संविधानक यांतील भेद पद्धतशीर मांडला : घटनांचा कालानुक्रमी, कार्यकारणबद्ध समूह म्हणजे कथानक, त्यांची वाचकासमोर केलेली मांडणी म्हणजे संविधानक. या भाषेत बोलायचे तर हेलचा मृत्यू कथानकात आहे, पण तो पडद्यावर घडत नाही. चित्रपट सुरू होण्याच्या कितीतरी आधी तो घडून गेला आहे. संविधानकात तिचे अस्तित्व केवळ एक शिल्प, एक भांडण आणि एक वेडाचा झटका एवढेच. म्हणूनच संपादकाला ती सहज काढण्याजोगी वाटली असावी. गर्दीची, पुराची, यंत्रांची दृश्ये जागच्या जागी राहतात. जाते ते त्यांच्यामागचे कारण.

व्लादिमीर प्रॉप यांचा लोककथेच्या रूपरचनेवरील ग्रंथ १९२८ चा. लोककथेत पात्रांची कृत्ये स्थिर असतात आणि हेतू हा सर्वाधिक बदलता घटक असतो, असे त्यांचे निरीक्षण. खलपुरुष कन्येला पळवतो. का, हे प्रत्येक कथेकरी आपापल्या परीने सांगतो किंवा सांगतच नाही. पोलॉक यांनी प्रॉप वाचले असणे अशक्य. पण त्यांची कात्री नेमक्या याच विश्वासावर चालली. रोटवांग मारियाला पळवतो, यंत्राला तिचा चेहरा देतो, शेवटी कॅथीड्रलच्या छपरावरून कोसळतो. ही सारी कृत्ये शाबूत राहिली. पण परीकथेतील राक्षसाला हेतू नसला तरी चालते; आधुनिक नगरातील संशोधकाला तो नसला, तर तो फक्त 'वेडा शास्त्रज्ञ' उरतो. पुढे विज्ञानपटांत सवयीचा झालेला हा साचा 'मेट्रोपोलिस'च्या बाबतीत तरी कात्रीने अधिक कठीण केला, असे म्हणावे लागते. मूळ रोटवांग वेडा होताच. पण त्याच्या वेडाला इतिहास होता.

कात्रीने संघर्ष बदलतो, हे लांग यांच्याच चित्रपटावर आधी एकदा सिद्ध झाले होते. १९२४ मध्ये मॉस्कोत एस्फिर शुब यांनी सोव्हिएत प्रेक्षकांसाठी त्यांच्या 'डॉक्टर माबुझे'चे पुनर्संपादन केले. हाताशी होते तरुण सर्गेई आयझेनस्टाइन. तिथे एका गुन्हेगाराच्या कथेचे रूपांतर भांडवली समाजाच्या कुजकेपणाच्या कथेत झाले. मॉस्कोने विचारसरणीसाठी कापले, न्यूयॉर्कने तिकीटबारीसाठी. चित्रफितीच्या दृष्टीने फरक फारसा नाही.

आता टीकाकारांकडे पाहू. एप्रिल १९२७ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या चित्रपटावर कठोर लेख लिहिला. यंत्रे जितकी सुधारतात तितकी राबणाऱ्यांची गरज कमी होते, मग ही घामाघूम गर्दी कशासाठी, हा त्यांचा आक्षेप बिनतोड होता. त्याच वर्षी लुई बुन्युएल यांनी लिहिले की, हे वस्तुतः पोटाशी जोडलेले दोन चित्रपट आहेत. एक चित्रमय काव्य, दुसरा सामान्य कथा. बुन्युएल यांच्या नजरेला जोड दिसला, हे महत्त्वाचे.

सर्वांत गंभीर आरोप सिगफ्रीड क्राकाउअर यांचा. १९४७ च्या त्यांच्या ग्रंथात, हिटलरपूर्व जर्मन चित्रपटांतून समाजमनाचा शोध घेताना, त्यांनी 'मेट्रोपोलिस'च्या शेवटावर बोट ठेवले. मेंदू आणि हात यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी, हे चित्रपटाचे बोधवाक्य. क्राकाउअर यांचे म्हणणे असे की, या हस्तांदोलनात मालक काहीच सोडत नाही. उलट कामगारांच्या मनावर ताबा मिळवण्याचे नवे साधन त्याला मिळते, आणि हीच भाषा पुढे नाझी प्रचाराची झाली.

या आरोपाला चित्रपटाबाहेरचा एक आधार आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, उद्योगपती ह्यूगो स्टिनेस आणि कामगारनेते कार्ल लेगिन यांनी खरोखरच असा समझोता केला होता. मालकांनी संघटनांना मान्यता आणि आठ तासांचा दिवस दिला. संघटनांनी मालमत्तेला हात लावला नाही. डिसेंबर १९२३ च्या अध्यादेशाने दिवस पुन्हा लांबवण्याची वाट मोकळी झाली आणि समझोता मोडकळीला आला. 'मेट्रोपोलिस'मधील कामगारांच्या घड्याळावर दहाच तासांचे आकडे आहेत. १९२७ च्या बर्लिनकर प्रेक्षकाला ती केवळ भविष्याची कल्पना वाटली असेल काय? शिवाय शेवटी मालकाशी हात मिळवणारा मुकादम ग्रोट हा तोच, ज्याने चित्रपटाच्या आरंभी मृत कामगारांच्या खिशातील नकाशे मालकाला नेऊन दिले होते. हा तपशील कात्रीतून सुटला, तरी त्याकडे लक्ष फार थोड्यांचे जाते.

हृदयाचे हे तत्त्वज्ञान प्रामुख्याने पटकथाकार थेआ फॉन हार्बू यांचे. त्या तेव्हा लांग यांच्या पत्नी होत्या. १९३३ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. लांग यांनी जर्मनी सोडली, हार्बू राहिल्या आणि पुढे नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या. त्या काळात बर्लिनमध्ये त्यांचे सहचर होते बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी गणपत तेंडुलकर, शिक्षणासाठी युरोपात गेलेले आणि पत्रकारिता करणारे तरुण. मराठी वाचकाला हे नाव वाटेत अवचित भेटते, म्हणून एवढा उल्लेख. लांग यांनी उतारवयात पीटर बोग्दानोविच यांच्याशी बोलताना शेवट आपल्याला आवडत नसल्याचे सांगितले. सामाजिक प्रश्नाचे उत्तर हृदय हे असू शकत नाही, असे त्यांचे मत झाले होते.

मूळ चित्रपट मिळाला असता तर क्राकाउअर यांचे मत बदलले असते का? याची परीक्षा २००८ मध्ये शक्य झाली. ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात पाउला फेलिक्स-डिडिए आणि फर्नांदो पेन्या यांना १६ मिलिमीटरची एक प्रत सापडली. कापण्यापूर्वीची लांबलचक प्रत एका वितरकाने अर्जेंटिनात नेली होती. ती एका समीक्षकाच्या खासगी संग्रहात राहिली, पुढे ज्वालाग्राही नायट्रेट फितीच्या धास्तीने तिची लहान फितीवर नक्कल झाली. मूळ फीत गेली, ओरखड्यांसह नक्कल उरली. खेळाच्या वेळी प्रक्षेपकाजवळ दोन-अडीच तास उभे राहावे लागल्याची जुनी आठवण पेन्या यांच्या कानावर आली होती. आकड्यांचा मेळ बसेना, म्हणून ते शोध घेत राहिले.

सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत मिळाला. गॉटफ्रीड हुपेर्त्झ यांच्या संगीतलेखनात दृश्यांच्या हजाराहून अधिक खुणा होत्या. त्यांच्या आधारे तुकडे जागच्या जागी बसवले गेले आणि १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये नवी आवृत्ती दाखवली गेली. जोड लपवलेले नाहीत : मिळालेल्या दृश्यांत चौकट थोडी लहान होते आणि पडद्यावर पाऊस पडावा तशा रेघा दिसतात. कापलेले काय होते, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी कळते.

ही आवृत्ती पाहिल्यावर क्राकाउअर पूर्णतः खोटे ठरत नाहीत. हस्तांदोलन तितकेच पोकळ राहते. मात्र त्याचा अर्थ सरकतो. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९५५ मध्ये मांडले की, न सुटणाऱ्या विरोधांमध्ये मिथक एक मध्यस्थ उभा करते आणि त्या मध्यस्थात दोन्ही बाजूंचे काही अंश असतात. मालकाचा पुत्र असून कामगाराचे कपडे चढवणारा फ्रेडर असाच. पण तो हेलचाही पुत्र आहे. कामगार आणि मालक यांच्यात तो मध्यस्थ होऊ शकतो. बाप आणि रोटवांग यांच्यात नाही, कारण त्या भांडणात तो स्वतःच लुटीचा माल आहे. तो संघर्ष मिटत नाही. रोटवांगच्या मृत्यूने फक्त थांबतो. अपूर्ण प्रतीत एकच संघर्ष होता आणि तो गोड शब्दांत सुटला असे दिसे. पूर्ण प्रतीत त्या गोड शब्दांशेजारी एक प्रेत पडलेले आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

तरीही प्रत पूर्ण नाही. दोन प्रसंग अर्जेंटिनाच्या फितीतही उपयोगी पडण्याजोगे उरले नव्हते. एक, कॅथीड्रलमधील साधूचे प्रवचन. दुसरा असा : रोटवांग कैदेतील मारियापुढे कबूल करतो की यंत्रमानव केवळ त्याचीच आज्ञा पाळतो आणि त्याने फ्रेडरसनला फसवले आहे, बाहेर उभा असलेला फ्रेडरसन ते ऐकतो, आत घुसतो, दोघांची झटापट होते आणि मारिया निसटते. आज त्या जागी पडद्यावर काही ओळींचा मजकूर येतो, आणि मग पुढचे दृश्य सुरू होते.