मारलवाईची बेटी

मागच्या वर्षी आमच्या महिला मंडळात विषय निघाला, ‘इंग्रजी संस्कृती आणि वारसा’. कुणी चहाच्या रीतिरिवाजांवर बोलायचं ठरवलं, कुणी राणीच्या मुकुटावर. मला म्हणाल्या, “ताई, तुमचा बी.ए.ला इतिहास होता, तुम्ही शेक्सपिअर घ्या.” मी म्हटलं, “मी मारलवाई घेते.” सगळ्या हसल्या. उटनूरच्या पुढे, जैनूरजवळचं गोंडांचं ते खेडं. तिथे कसला आलाय इंग्रजी वारसा?

मैत्रिणींनो, आपल्या आदिलाबादवर इंग्रजांचं थेट राज्य कधीच नव्हतं. पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. अलीकडे आपण निजामाचे. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी-तेलुगू, रानात गोंडी. पण इंग्रजांच्या काही पद्धती नदी ओलांडून आल्याच. त्यातली एक म्हणजे राखीव जंगल. नकाशावर रेघ मारायची आणि तिच्या आतलं सगळं सरकारचं. ब्रिटिश मुलखातला हा प्रकार निजामानेही उचलला. पिढ्यान्पिढ्या तिथं कसणाऱ्या गोंडांना एका दिवसात ‘अतिक्रमण करणारे’ ठरवलं. त्यातूनच कुमरम भीम उभे राहिले, आणि १९४० साली जोडेघाटला मारले गेले.

हे का घडलं, याचा शोध घ्यायला निजाम सरकारने ज्या माणसाला सांगितलं, त्याचं नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. जन्म व्हिएन्नाचा, १९०९ चा. मानववंशशास्त्राचं पुढचं शिक्षण त्यांनी लंडनला घेतलं. १९३८ साली त्यांचं लग्न झालं ते बेटी बर्नार्डो या इंग्रज मुलीशी. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. हायमेनडॉर्फांचा पासपोर्ट जर्मन, म्हणजे इंग्रजांच्या लेखी ते शत्रूच्या देशाचे. त्यांना हैदराबाद संस्थानातच राहण्याचं बंधन घातलं गेलं. दोघं नवराबायको मारलवाईत घर करून राहिले. आपण म्हणतो ना, एक दार बंद झालं की दुसरं उघडतं, तसं गोंडांचं एक दार तेव्हा उघडलं.

१९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. मुलांना पहिली अक्षरं शिकवायची ती त्यांच्याच गोंडीत, आणि लिपी कोणती? आपली देवनागरी! या कामात सरकारी अधिकारी म्हणून होते सेतुमाधवराव पगडी, तेच आपले शिवचरित्राचे अभ्यासक. त्यांनी गोंडी भाषेवरही काम केलं. आणि निजामाच्या मंत्रिमंडळात महसूल खातं होतं ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे. बस्तरच्या माडिया गोंडांवर त्यांनी आधीच पुस्तक लिहिलं होतं. या सगळ्यांच्या खटपटीतून हजारो गोंडांच्या हाती जमिनीचे पट्टे आले.

आता इंग्रजी वारसा तो हाच. इंग्लंडमध्ये १०८६ साली विल्यम राजाने गावोगाव माणसं पाठवून कुणाची जमीन किती, नांगर किती, हे लिहून काढलं. त्या दप्तराला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात आणि ते आजही जपून ठेवलेलं आहे. १५३८ पासून तिथल्या चर्चमध्ये गावातलं बारसं, लग्न, मर्तिक नोंदवायची सक्ती झाली. लिहून ठेवणं हा त्या लोकांचा स्वभावच झाला. पण लिहिण्याने दोन्ही होतं. जंगलाची रेघही कागदावरच मारली गेली, आणि पट्टाही कागदावरच मिळाला. कागद कुणाच्या हातात आहे, यावर सगळं.

हे वाचताना मला सासरचं जुनं दुकान आठवलं. कापूस, धान्य, मीठ, कापड, सगळं उधारीवर. दिवाळीला वहीपूजन व्हायचं, कुंकवाचं स्वस्तिक, ‘शुभ-लाभ’. नवी सून म्हणून मी कौतुकाने पानं उलटायची. त्यात ओळीने अंगठे. कितीतरी नावांपुढे नुसता निळा अंगठा. लिहिणारे आम्ही, अंगठा देणारे ते. हायमेनडॉर्फांनी नंतरच्या पुस्तकांत गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या आणि सावकारांच्या हाती कशा गेल्या, ते तपशिलाने मांडलं आहे. ‘१/७०’ म्हटलं की आपल्या घरातली पुरुषमंडळी अजून कपाळाला आठ्या घालतात. १९७० चा तो कायदा आदिवासी भागातली जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होऊ देत नाही. तो का करावा लागला, हे मला त्या अंगठ्यांनी सांगितलं. आमच्या वहीत खोटं लिहिलं होतं असं मी म्हणत नाही. पण खरं होतं, असंही छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण वाचून तपासणारं समोर कुणी नव्हतंच.

आणि बेटी? ती सगळीकडे नवऱ्याबरोबर गेली. १९७९ साली निघालेल्या ‘द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश’ या पुस्तकावर तिचं नाव सहकारी म्हणून छापलेलं आहे. आपल्यापैकी कितीजणींनी दुकान, शेती, हिशेब सांभाळले, पण पाटीवर नाव कुणाचं? ११ जानेवारी १९८७ ला बेटी हैदराबादला वारली. तिची समाधी मारलवाईत आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले, आणि मागाहून त्यांच्या अस्थीही तिच्याशेजारी आणल्या गेल्या. २०१६ ला जिल्हे फुटले, मारलवाई आसिफाबादकडे गेली, पण बेटीला ते लोक विसरले नाहीत. दर जानेवारीला पुण्यतिथी करतात.

मंडळात मी एवढंच सांगितलं. शेवटी एक वयस्कर बाई म्हणाल्या, “आमच्याकडेही असल्या वह्या माळ्यावर आहेत गं.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. संवत्सरीला आपण घरोघरी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना. त्या अंगठ्यांच्या घरी मात्र आपण कधी गेलेलो नाही. येत्या जानेवारीत मारलवाईला गाडी करून जायचं आम्ही ठरवलं आहे. सहाजणींनी नावं दिली आहेत, सातवी मी.