विविधतेने स्थैर्य येते का?
माळरानावरील प्रयोगांचा चार दशकांचा पुरावा

- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९८७-८८ साली भीषण दुष्काळ पडला. तेथील विद्यापीठाच्या सीडर क्रीक या संशोधन क्षेत्रात त्यावेळी गवताच्या २०७ वाफ्यांवर एक निराळाच प्रयोग चालू होता. डेव्हिड टिलमन या वनस्पती-परिसंस्थेच्या अभ्यासकाने १९८२ मध्ये या वाफ्यांना कमी-अधिक प्रमाणात नत्रखत देण्यास सुरुवात केली होती. खतामुळे गवताळ वनस्पतींमधील स्पर्धा कशी बदलते, एवढाच त्याचा मूळ प्रश्न होता. पावसाने ओढ दिली आणि प्रयोगाला अनपेक्षित कलाटणी मिळाली. ज्या वाफ्यांत मोजक्याच प्रजाती उरल्या होत्या, ते पार करपून गेले. अनेक प्रजाती नांदत असलेल्या वाफ्यांनाही झळ बसली, पण ती कितीतरी कमी. आणि पाऊस परतल्यावर ते अधिक चांगले सावरले. टिलमन व जॉन डाऊनिंग यांनी १९९४ मध्ये हे निष्कर्ष 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले आणि पर्यावरणशास्त्रातील एका जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटले.

या सीडर क्रीकचे भाग्यच थोर म्हणावे लागेल. परिसंस्थेतील ऊर्जेचा प्रवास मांडणारा रेमंड लिंडमन याचा पायाभूत अभ्यास याच परिसरातील एका तळ्यावर झाला होता. तो निबंध १९४२ साली छापून येण्यापूर्वीच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लिंडमनचे निधन झाले.

जुना वाद

विविधता असेल तेथे स्थैर्य असते, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ सर्वमान्य होती. रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५५ मध्ये आणि चार्ल्स एल्टन यांनी १९५८ मध्ये ती आग्रहाने मांडली. एकाच पिकाखालील शेतावर किडीची धाड सहज पडते, थोड्या प्रजातींच्या बेटांवर उपऱ्या प्राणी-वनस्पतींचे आक्रमण सहज होते, असे एल्टन यांचे दाखले होते. परंतु रॉबर्ट मे या भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेल्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये गणिताच्या आधारे उलटाच निष्कर्ष काढला. प्रजाती आणि त्यांचे परस्परसंबंध जितके वाढतील, तितकी ती व्यवस्था डळमळीत होण्याचा संभव अधिक. गणित बिनचूक होते. त्यामुळे पुढील वीसेक वर्षे जुनी समजूत मागे पडली.

टिलमन यांच्या दुष्काळी वाफ्यांवरही आक्षेप आले, आणि ते रास्त होते. तेथील प्रजाती मुद्दाम कमी केलेल्या नव्हत्या. नत्रामुळे त्या कमी झाल्या होत्या. मग वाफे करपले ते विविधता घटल्याने, की नत्रावर पोसलेल्या वनस्पती मुळातच दुष्काळाला हळव्या असल्याने? मायकेल ह्यूस्टन यांनी १९९७ मध्ये या दडलेल्या कारणांवर नेमके बोट ठेवले.

चिठ्ठ्या टाकून पेरणी

या आक्षेपाला उत्तर देण्याची सोय १९९४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या, अधिक काटेकोर प्रयोगात होती. जमिनीत दडलेले बी निघून जावे म्हणून मातीचा वरचा थर खरवडून काढण्यात आला. नऊ मीटर लांबी-रुंदीचे १६८ वाफे आखण्यात आले. त्यांत १, २, ४, ८ किंवा १६ बहुवर्षायू प्रजाती पेरल्या गेल्या. कोणत्या वाफ्यात कोणत्या प्रजाती, हे १८ प्रजातींतून जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले गेले. नेमलेल्या प्रजातींखेरीज दुसरे काही उगवले, की ते हाताने उपटून काढायचे. वर्षानुवर्षे चाललेली ही निंदणी हेच या प्रयोगाचे खरे कष्ट होत. सिद्धांताच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

स्थैर्य मोजण्याची रीत सोपी आहे. दरवर्षीच्या वाढीची सरासरी घ्यावी आणि तिला प्रमाण विचलनाने, म्हणजे वर्षागणिक होणाऱ्या चढउताराच्या मापाने, भागावे. समजा, एका वाफ्याची सरासरी २०० ग्रॅम आणि चढउतार ५० ग्रॅम असेल तर उत्तर ४ येते. चढउतार १०० ग्रॅम असेल तर २. आकडा मोठा तितका वाफा स्थिर. दहा वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर टिलमन, पीटर राईश आणि योहानेस क्नॉप्स यांनी २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. एकाच प्रजातीच्या वाफ्यांपेक्षा १६ प्रजातींचे वाफे ७० टक्के अधिक स्थिर ठरले होते.

खरी मौज पुढेच आहे. त्याच वाफ्यांतील एकेक प्रजाती सुटी मोजली, तेव्हा विविधता वाढली तसे तिचे स्वतःचे स्थैर्य घटलेले दिसले. म्हणजे मे यांचे गणित आणि एल्टन यांची समजूत दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. समुदायातील प्रत्येक घटक अधिक हेलकावे खातो, पण समुदाय मात्र स्थिर राहतो. वाद बराचसा 'स्थैर्य कोणाचे?' हा प्रश्न न विचारल्यामुळे लांबला होता, असे आता म्हणता येईल.

याचे कारण, सर्व प्रजाती एकाच वर्षी मार खात नाहीत. कोरड्या वर्षी एक मागे पडते, तिने सोडलेले पाणी आणि नत्र दुसरी उचलते. ज्वारीत तुरीचे तास घालणारा आपल्याकडचा शेतकरी हाच हिशेब करतो. एक पीक हुकले तरी दुसरे हाती लागते. शिगेओ याची आणि मिशेल लोरो यांनी १९९९ मध्ये या गुणाला 'विमा' असेच नाव दिले. सीडर क्रीकमध्ये मुळांचा वाटाही दिसून आला. ज्या वाफ्यांत जमिनीखाली मुळांचा भार जास्त, ते अधिक स्थिर होते. अनेक घटकांची बेरीज एका घटकापेक्षा कमी हलते, हा निव्वळ अंकगणिताचा परिणाम आहे, असे डॅनियल डोक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बजावले होते. त्यात तथ्य आहे. परंतु अंकगणिताने आलेले स्थैर्यही त्या माळावर चरणाऱ्या जनावराच्या दृष्टीने स्थैर्यच असते.

पुराने घातलेला पेच

२०१५ मध्ये फॉरेस्ट इसबेल व सहकाऱ्यांनी ४६ प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. अतिकोरड्या वा अतिओल्या हवामानात एक-दोन प्रजातींच्या वाफ्यांचे उत्पादन सुमारे ५० टक्क्यांनी बदलले, तर १६ ते ३२ प्रजातींच्या वाफ्यांचे सुमारे २५ टक्क्यांनी. संकट सरल्यानंतर पूर्वपदावर येण्याच्या वेगात मात्र विविधतेचा सातत्याने लाभ दिसला नाही. विविधता धक्का सौम्य करते. उभारी लवकर देईलच, असे नाही.

जर्मनीतील येना येथे २००२ पासून असाच प्रयोग चालू आहे. जून २०१३ मध्ये झाले नदीच्या पुरात त्याचे वाफे बुडाले. पुराने पोषकद्रव्ये आणली, त्यांचा लाभ विविध वाफ्यांनी अधिक घेतला आणि त्यांची वाढ एकदम उसळली. या उसळीमुळेच त्यांचे स्थैर्य घटलेले दिसले. चढउतारात वरची बाजूही धरली जाते, हे विसरून केवळ आकड्यावर विसंबणे किती फसवे ठरू शकते, याचे हे उत्तम उदाहरण.

झाडांच्या बाबतीत पुरावा उशिरा आला. चीनच्या जिआंगशी प्रांतातील डोंगरउतारांवर लावलेल्या प्रायोगिक जंगलात आठ वर्षांनंतर, १६ प्रजातींच्या मिश्रणाने एकाच प्रजातीच्या सरासरी लागवडीपेक्षा दुपटीहून अधिक कार्बन साठविल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वेगवेगळ्या प्रजातींची वाढ वेगवेगळ्या वर्षी जोर धरत असल्याने तेथेही स्थैर्य वाढते, असे २०२१ मध्ये दिसून आले. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची उद्दिष्टे अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी अशी जाहीर झाली. रोपांच्या या आकड्यांबरोबर प्रत्येक जागी किती प्रजाती लावल्या, तो आकडाही त्याच ठळकपणे सांगितला गेला असता तर बरे झाले असते. शिवाय जेथे मुळात अनेक गवतांचे माळरान आहे, तेथे एकाच जातीची झाडे लावणे म्हणजे विविधता वाढविणे नव्हे.

सीडर क्रीकमधील जुन्या वाफ्यांपैकी काहींचे नत्रखत दहा वर्षांनंतर बंद करण्यात आले होते. प्रजाती आपोआप परततील, अशी अपेक्षा होती. सर्वाधिक खत मिळालेल्या वाफ्यांत वीस वर्षांनंतरही त्या परतल्या नव्हत्या.