धुके, रडार आणि गणित



आपल्या कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांतील पुरुष पिढ्यानपिढ्या बोटीवर चाकरीला गेले. कोणी खलाशी, कोणी सुकाणी, कोणी सारंग. त्यांच्या तोंडून तुम्ही वादळाच्या गोष्टी ऐकल्या असतील. आज एक गोष्ट धुक्याची ऐका.

२५ जुलै १९५६ ची रात्र. इटलीची प्रवासी आगबोट ‘आंद्रेआ दोरिया’ न्यूयॉर्ककडे येत होती, तर स्वीडनची ‘स्टॉकहोम’ तेथूनच निघाली होती. अमेरिकेच्या नँटकेट बेटाच्या दक्षिणेस दाट धुके पसरले होते. धुक्यात वेग आवरावा, हा नियम तेव्हाही होता. परंतु दोरियाला सकाळी बंदर गाठायचे होते. कप्तान पिएरो कालामाई यांनी वेग ताशी २३ सागरी मैलांवरून जेमतेम २२ पर्यंत उतरवला. ‘स्टॉकहोम’ १८ मैलांच्या वेगाने येत होती आणि पुढे धुके आहे, याची तिच्यावरील अधिकाऱ्याला कल्पना नव्हती.

आश्चर्य असे, की दोन्ही बोटींवर रडार होते आणि दोघींनी एकमेकींना पडद्यावर पाहिलेही होते. दोरियाने तर १७ सागरी मैलांवरून पाहिले. मग टक्कर झालीच कशी?

त्या काळच्या रडारवर समोरची बोट म्हणजे नुसता एक ठिपका. ती कोणीकडे चालली आहे, हे कळण्यासाठी ठराविक मिनिटांनी तिचे अंतर व दिशा कागदावर मांडून रेषा काढावी लागे. दोरियावर ही मांडणी झालीच नाही. समोरची बोट आपल्या उजवीकडून जाईल, असे धरून ती किंचित डावीकडे वळली. ‘स्टॉकहोम’वर मात्र समोरची बोट आपल्या डावीकडे आहे, असे मानले गेले आणि ती उजवीकडे वळली. दिवे दिसले तेव्हा फार उशीर झाला होता. रात्री ११ वाजून १० मिनिटांनी ‘स्टॉकहोम’चे नाक दोरियाच्या उजव्या कुशीत घुसले. दोरिया इतकी कलली, की डाव्या बाजूच्या होड्या पाण्यात सोडता येईनात. मदतीला धावलेल्या बोटींमुळे सुमारे १६६० माणसे वाचली, ५१ जणांचा अंत झाला. अकरा तासांनी दोरिया बुडाली.

पुढे १९७२ साली ठरलेले आणि १९७७ पासून लागू झालेले आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट बजावतात : रडारच्या अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधू नका. धुक्यात चालत्या बोटीने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यावा. समोरून भोंगा ऐकू आला आणि टकरीचा धोका नाही अशी खात्री नसेल, तर वेग अगदी कमी करावा, गरज पडल्यास थांबावे. यंत्र आले तरी कान आणि डोळे यांची सुट्टी झालेली नाही.

पालकहो, इंग्रजी अमदानीत आपली माणसे डेकवर आणि इंजिनखोलीत राबली. अधिकाऱ्यांच्या जागा त्यांना सहसा मिळत नसत. १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ ही प्रशिक्षण-बोट सुरू झाल्यावर भारतीय मुलांना ती वाट खुली झाली. आज त्या वाटेवर पाऊल टाकायचे, तर बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते. मुलगा वा मुलगी गणिताला कंटाळली, तर तिला दोरियाची ही हकिगत सांगा. त्या रात्री रडार दोन्ही बोटींवर होते. उणीव होती ती कागदावरच्या एका रेषेची, आणि ती काढण्याइतक्या धीराची.