झी टॉकीज : मराठी सशुल्क चित्रपटवाहिनीची जडणघडण

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासाची मांडणी बहुधा दिग्दर्शक, निर्मितीसंस्था आणि कलाकृती यांच्या आधारे केली जाते. चित्रपट कोणत्या मार्गाने घरात पोहोचला आणि त्यासाठी प्रेक्षकाने कोणाला किती पैसे मोजले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झालेल्या 'झी टॉकीज' या वाहिनीच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट हा पुढे अनेक वर्षे घरोघरचा परिपाठ होता. प्रेक्षकाला निवडीचे स्वातंत्र्य नव्हते. मात्र वेगळे शुल्कही नव्हते. उपग्रह वाहिन्यांच्या काळात 'झी सिनेमा'ने १९९५ मध्ये हिंदी चित्रपटांना स्वतंत्र वाहिनी दिली. 'अल्फा मराठी' (१९९९) व 'ई टीव्ही मराठी' (२०००) यांचा मुख्य भर मात्र मालिकांवर राहिला. 'श्वास'च्या यशानंतर, २००४ पासून, मराठी चित्रपटाविषयी नवी उमेद निर्माण झाली. मराठी चित्रपटवाहिनीचा जन्म या वातावरणात झाला.

'सशुल्क' या संज्ञेचा अर्थ

केबलचालकाला ग्राहक महिन्याकाठी ठोक रक्कम देत असे. तीतील किती वाटा कोणत्या वाहिनीला मिळतो, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. ग्राहकसंख्येचीही खात्रीलायक नोंद नसल्याने सशुल्क वाहिनीसुद्धा जाहिरातींवर अवलंबून राही. ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबईच्या अधिसूचित भागात 'कॅस' पद्धती लागू झाली. मूळ संचासाठी ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीसाठी कमाल ५ रुपये असे दर ठरले. त्यानंतर आठ महिन्यांत 'झी टॉकीज' अवतरली. परंतु उर्वरित महाराष्ट्रात जुनीच व्यवस्था चालू होती.

निर्मितीवरील परिणाम

वाहिनीने केवळ प्रक्षेपण केले नाही. 'साडे माडे तीन' (२००७), 'दे धक्का' (२००८) आणि आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारित 'नटरंग' (२०१०) या चित्रपटांशी तिचे नाव जोडले गेले. तिकीटविक्रीच्या जोडीला प्रक्षेपण हक्क हे निर्मात्याच्या उत्पन्नाचे साधन ठरले. तथापि, एकच चित्रपट वारंवार दाखवता येणे हा अशा वाहिनीच्या अर्थकारणाचा पाया असतो. त्यामुळे कुटुंबाने पुन्हा पुन्हा पाहावा अशा चित्रपटाला साहजिकच अधिक मोल येते. सकाळच्या वेळी याच वाहिनीवर कीर्तनाला मिळालेले स्थान हेही प्रेक्षकवर्ग टिकवण्याच्या गरजेचेच द्योतक होय.

डिजिटल व्यवस्था आणि स्पर्धा

केबल कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनंतर मुंबईत २०१२ च्या अखेरीस, तर पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत २०१३ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर होऊ लागली आणि एकेक वाहिनी निवडण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला. व्यवहारात मात्र वाहिनीसंचांचेच वर्चस्व टिकले. जानेवारी २०२० मध्ये 'शेमारू मराठीबाणा' ही निःशुल्क वाहिनी आली, तर १ मे २०२२ रोजी 'प्रवाह पिक्चर' सुरू झाली. निवडीचा अधिकार हाती आला, त्याच सुमारास विनामूल्य पर्याय आणि मोबाइलचा पडदाही उपलब्ध झाला होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'सशुल्क' हे विशेषण दीर्घकाळ ग्राहकाच्या अधिकारापेक्षा वाहिनीच्या वर्गवारीचे निदर्शक होते. याहून महत्त्वाचा प्रश्न सांस्कृतिक स्मृतीचा आहे. ज्या चित्रपटाचे हक्क विकले जातात, त्याची प्रत जपली जाते आणि नव्या पिढीला तो ठाऊक होतो. ज्याला ग्राहक मिळत नाही, तो हळूहळू विस्मरणात जातो. शनिवारच्या चित्रपटाची निवड शासकीय केंद्र करीत असे. पुढे ती बाजाराकडे गेली. दोन्ही व्यवस्थांत प्रेक्षकाचा शब्द क्षीणच राहिला. म्हणूनच वाहिन्यांच्या कार्यक्रमपत्रिका हे चित्रपट-इतिहासाचे साधन मानून त्यांचे जतन होणे अगत्याचे आहे.