अकोसोम्बोचं धरण: मदत कुणाची, वीज कुणाला?

नवस्वतंत्र आफ्रिकी देशांना अमेरिकेने दिलेल्या मदतीबद्दल बोलताना आपण आकड्यांत अडकतो. करारात काय लिहिलं होतं, हे विचारायचं राहून जातं. म्हणून आज घानाचं एकच धरण घेऊ.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. समारंभाला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन हजर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात घानाचे अर्थमंत्री ग्बेडेमा अमेरिकेत गेले, तर डेलावेअरमधल्या एका उपाहारगृहात त्यांना आत बसून संत्र्याचा रस पिऊ दिला नाही. कारण एकच, ते काळे होते. बातमी जगभर गेली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना लगोलग व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं. तिथे व्होल्टा नदीवरच्या धरणाचा विषय निघाला.

पुढे केनेडी आले. घानाचे नेते एन्क्रुमा मॉस्कोकडे झुकताहेत, असं वॉशिंग्टनला वाटत होतं. मग त्यांना पैसे द्यायचे का? आता इथे इजिप्तचं उदाहरण समोर होतं. १९५६ मध्ये अमेरिकेने आस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली, नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ते धरण सोव्हिएत मदतीने उभं राहिलं. पुन्हा तसं नको, म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये केनेडींनी होकार दिला.

पण कर्ज देणाऱ्यांना विजेचं खात्रीचं गिऱ्हाईक हवं होतं. ते म्हणजे वॅल्को, कैसर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांचा टेमा इथला ॲल्युमिनियम कारखाना. त्याला दीर्घ मुदतीच्या कराराने अतिशय स्वस्त वीज मिळाली. घानात बॉक्साइट भरपूर. तरी कारखान्याला लागणारा अल्युमिना परदेशातून येत राहिला. आपल्या खाणीपासून आपल्या धातूपर्यंत सगळं देशातच व्हावं, हे एन्क्रुमांचं स्वप्न तिथेच अडलं. धरणाच्या जलाशयासाठी सुमारे ८०,००० लोकांना गाव सोडावं लागलं. आणि पहिल्या खर्चाचा जवळपास निम्मा वाटा घानाने स्वतः उचलला होता, बरं का.

जानेवारी १९६६ मध्ये एन्क्रुमांनी धरणाचं उद्घाटन केलं. २४ फेब्रुवारीला, ते परदेशात असताना, लष्कराने त्यांची सत्ता उलथवली.

धरण आजही वीज देतं, त्यामुळे मदत फसली असं म्हणता येणार नाही. मात्र विजेचा दर ठरला तेव्हा घानाची बाजू कमकुवत होती. स्वातंत्र्य मिळालं होतं, सौदा करण्याची ताकद अजून यायची होती.