एफसी पिकअप : ब्रेक, गिअर आणि जालन्याच्या भट्ट्या

जुन्या गाडीचा इतिहास म्हटलं की लोक इंजिनापासून सुरू करतात. आज आपण ब्रेक आणि गिअरपेटीपासून सुरू करू, कारण माझ्याकडची महिंद्राची एफसी-१५० पिकअप सध्या चार ठोकळ्यांवर उभी आहे आणि तिचे पार्ट निवडायचेत.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. समोर बोनेटच नाही, ड्रायव्हर जवळजवळ इंजिनाशेजारीच बसतो. अमेरिकेत विलीजनं १९५६ च्या शेवटी ती आणली, डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्स यांचं. खाली सीजे-५ जीपचाच सांगाडा, पुढच्या-मागच्या चाकांत ८१ इंच अंतर. एवढ्याशा पायावर उंच केबिन, म्हणून १९५८ मध्ये डावी-उजवी चाकं ४८ ऐवजी ५७ इंचांवर नेली. आपल्याकडे महिंद्रानं १९६५ पासून ती बनवली.

आता मुद्दा ब्रेकचा. माणूस आणि इंजिन दोन्ही पुढं, मागं रिकामी पेटी. रिकाम्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि शेपूट फिरतं. दुकानात मागच्या व्हील सिलिंडरला सात अष्टमांश इंचाऐवजी एक इंची बोअर सहज मिळतो, "बसतंय की, लावून टाका" असं सांगणारेही भेटतात. पण क्षेत्रफळाचा हिशेब करा. त्याच दाबाला एक इंची सिलिंडर सुमारे ३० टक्के जास्त जोर लावतो. म्हणून मागं मोठा सिलिंडर अजिबात नाही. जुना बोअर मोजायचा, तेवढाच आणायचा.

दुसरी गोष्ट मास्टर सिलिंडर. मूळ गाडीत एकच सर्किट. कुठल्याही एका चाकाचा रबर फाटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत प्रवासी मोटारींना १९६८ पासून दोन सर्किटं सक्तीची झाली, तो धडा किती जीव गेल्यावर मिळाला असेल. इथं मी अस्सलपणा सोडलाय. मूळ भाग कपाटात जपून ठेवीन, गाडीत दुहेरी मास्टर सिलिंडर बसवीन. तशीच जुन्या लायनिंगची धूळ हवेनं उडवू नका, त्या काळात लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

गिअरपेटी मात्र टी-९०, तीन गिअरची, तीच ठेवायची. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गाडी चालू असताना पहिला टाकायचा तर डबल क्लच. मागं ५.३८ चं क्राउन-पिनियन. तिसरा गिअर थेट, म्हणजे इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असताना गाडी ताशी साधारण ५०. चौथ्या गिअरसाठी वेगळी पेटी जोडता येते, पण मग ड्राइव्ह शाफ्टची लांबी, माउंटिंग, सगळंच बदलतं. अहो, हिला समृद्धी महामार्गावर पळवायचीच कशाला! अंबड-परतूरच्या रस्त्यावर मोसंबीचे कॅरेट नेण्यापुरती ती बरोबर आहे.

हँडब्रेकचं एक सांगतो. तो चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असतो. मागचा युनिव्हर्सल जॉइंट तुटला की हँडब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून जॉइंट नवे घालायचे, तिथं काटकसर नाही.

आणि पार्ट मिळणार कुठं? गंमत बघा, जालन्याचं लोखंड म्हणजे सळया. एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया. जुन्या जीपचा ड्रम असो की गिअर, तिथं गेला की घराच्या स्लॅबमध्ये गेला. म्हणून मी भंगारवाल्यांकडे नेहमी आधी फोन करून ठेवतो, गाडी फोडायच्या आधी. गेल्या आठवड्यात दोन ड्रम हाती लागले. आतून मोजून बघितले, एक गोल आहे, दुसऱ्याला ओठ धरलाय, लेथवर घ्यावा लागेल. किती घासायचं ते कंपनीच्या मर्यादेत बसलं तरच, नाहीतर तोही भट्टीत.